झाकणावरचा शेंदूर

काशीच्या अहिल्याबाई घाटावर त्या सकाळी पाय ठेवायला जागा नव्हती. प्राणेश्वरबाबा मेलेल्या इंजिनात जीव फुंकत होते! आमच्या वेणीमाधवची मोटरबोट यात्रेकरूंना घेऊन निघायची आणि भर धारेत तिचा दम जायचा. बाबा इंजिनावर हात फिरवत, "आ जा प्राण!" म्हणत, की तीच बोट भुर्रकन पळायची.

बाबांचं निदान असं, की इंजिनाच्या छातीवर वेणीमाधवचे पितर बसलेत. रोज शेंदूर लावा, नाहीच ऐकलं तर बोट आश्रमाला दान करा. पितरांना बसायला दुसरी जागा मिळू नये? पण वेणीमाधव पार गांगरलेला. त्याचं पोट त्या बोटीवर, आणि दानाचा संकल्प त्याच संध्याकाळी ठरलेला. दुपारी त्याची बायको अन्नपूर्णा माझ्याकडे रडत आली. मी शाळेत विज्ञान शिकवते, आणि असले बाबा दिसले की माझं डोकंच फिरतं.

मिस्त्री म्हणाला होता, इंजिन आतून झिजलंय. मी इंजिन सुरू करायची दोरी ओढून पाहिली. झिजलं असतं तर ती सैल आली असती. ही चांगली जड लागली. मग काठालाच इंजिन चालू ठेवलं. जरा वेळानं ते रडायला लागलं. मी इंधनाच्या टाकीचं झाकण सैल केलं, सुस्स करून हवा आत गेली आणि इंजिन पुन्हा ठणठणीत.

झाकणाला हवेचं बारीक भोक असतं. त्यावर तुपात कालवलेल्या शेंदराचा हा एवढा थर!

"बोट बंद पडायला लागली त्याच्या आधी आशीर्वाद म्हणून बाबांनीच इथं पहिला शेंदूर लावला. मग रोज इथंच लाव म्हणाले, इंजिनाचं कपाळ म्हणे," अन्नपूर्णा म्हणाली, आणि थबकली. "ताई, तेलाच्या डब्याला मी दोन भोकं पाडते. एकातून हवा जाते, तेव्हा कुठे दुसऱ्यातून तेल येतं."

आता मला शिकवायला काही उरलंच नव्हतं.

संध्याकाळी आम्ही बाबांनाच बोटीत बसवलं. अन्नपूर्णेनं मोठ्या भक्तीनं ताजा शेंदूर थापला आणि विनवलं, की आज हात न लावता, नुसत्या मंत्रानं चालवा. एवढ्या लोकांसमोर बाबा नाही कसे म्हणणार? दशाश्वमेधासमोर इंजिनानं मान टाकली. बाबांनी मंत्र सुरू केला. बोट आपली वाहतेय. मंत्र चढत गेला, लोक काठाकाठानं धावत आले आणि भोसले घाट दिसू लागला. पितर आज जास्तच जड झालेत का, असं मी विचारलं. शेवटी बाबांचा हात नेहमीसारखा हळूच झाकणाकडे सरकला.

"हात नाही, बाबाजी," वेणीमाधव म्हणाला. कितीतरी दिवसांनी त्याचा आवाज कापत नव्हता.

त्यानं स्वतःच गमछ्यानं शेंदूर पुसला, झाकण फिरवलं, दोरी ओढली. इंजिन गरजलं. काठावर एकच हशा पिकला. भोसले घाटाच्या पायऱ्या लागताच बाबा उतरले, ते खडावा हातात घेऊनच.

बोट वेणीमाधवकडेच राहिली. पूजा तुम्ही खुशाल करा, माझी ना नाही. पण काही बंद पडलं तर आधी झाकण उघडून बघा, पितरांना मागून विचारा. आणि उपाय सांगणारा तुमची बोटच मागू लागला, तर त्याच्या तोंडाकडे बघू नका, हाताकडे बघा.