बर्गरच्या काउंटरवर मुलगी बघतात

रविवारची दुपार. भांडुपच्या खोलीत अक्षता बांगडे साफ करत होती आणि तोंडाने घोकत होती, "कॅन आय गेट इट विदाउट अनियन? सॉस ऑन द साइड, प्लीज."

"विदाउटवर अडकू नको," मोठी बहीण नीलम भिंतीकडे तोंड करून म्हणाली. "मी तिथेच अडकले."

मुलगी बघायला येणारे आता पोहे नाही मागत. तिला घाटकोपरच्या मॉलात नेतात, बर्गरच्या काउंटरवर उभी करतात. दे ऑर्डर, इंग्लिशमध्ये! हे काढा, ते जास्त घाला, सगळं फाडफाड आलं पाहिजे. स्मार्ट आहे का बघायचं ना!

गेल्या वर्षी वनमालाकाकूंनी आपल्या मुलासाठी नीलमला असंच उभं केलं. ती घाबरून "नो कांदा" बोलली. काकूंनी व्हिडिओ काढून नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकला. तेव्हापासून पोरगी खोलीबाहेर पडत नाही. आणि आता त्याच काकू, त्याच मुलासाठी, धाकटीला मागत होत्या.

"झाला गेला ता इसर, गो," बाप शिवदास म्हणाला. "मुलगो ऑफिसात आसा."

अक्षता हो म्हणाली. का, ते बापाला नाही सांगितलं.

संध्याकाळी काउंटरवर शिवदास आणि मुलगा बाजूला उभे राहिले, काकूंनी मोबाइल वर धरला. "हां, बोल बाळा."

अक्षता सुटली. "विदाउट अनियन, एक्स्ट्रा चीज, सॉस ऑन द साइड. अँड कॅन यू मेक इट लेस स्पायसी?"

"झकास! बहिणीसारखी नाही हां ही," काकू हसल्या.

"काकू, फोन खाली घेऊ नका. आता तुमचा सुयोग बोलणार. कांदा नको, सॉस वेगळा. इंग्लिशमध्ये."

"त्याला कशाला? तो मुलगा आहे!"

"मग? मुलाला भूक नाही लागत?"

मागे लायनीत कोणीतरी खिदळलं. सुयोगला माघार घेता येईना. "आय वॉन्ट... बर्गर इज... अनियन नॉट..." कान लालेलाल.

"भैया, हिंदी में बोलो ना," काउंटरवाली म्हणाली. अख्खी लाइन हसली.

अक्षताला सगळं येत होतं. एक शब्द पुरवला असता तर तो सुटला असता. नाही पुरवला. तो पार बुडेपर्यंत बघत राहिली.

काकूंनी फोन पर्समध्ये कोंबला. "का हो?" अक्षता म्हणाली. "ह्याचा पण टाका ना ग्रुपवर! आणि खाली लिहा, मुलीने नकार दिला."

"अक्षता!" शिवदास ओरडला. "आता तुझ्याशी लगीन कोण करतलो?"

"बाबा, ताई रडत होती तेव्हा हा आवाज कुठे होता?"

शिवदास घराच्या वाटेला लागला.

घरी नीलम वाटच बघत होती. "घाम फुटला त्याला?"

"टपटप."

"परत सांग. पहिल्यापासून."

अक्षताने परत सांगितलं. नीलम पोट धरून हसली आणि हसता हसता रडायला लागली. कारण तिचा व्हिडिओ अजून फिरतोय. तुमच्या पण फोनवर आला असेल. बघून हसलात ना? मग पुढे पण पाठवला असेल. कोणाकोणाला पाठवलात, ते आता तिच्यासमोर बसून सांगा.