राज्यपक्ष्याचा अतिरिक्त कार्यभार

एक मेच्या सकाळी चांगुणा लोहकरेचे पाय जमिनीपासून चार बोटं वरच राहिले. पावलं हळद लावल्यासारखी पिवळी झाली होती. तिनं खाकी वर्दी चढवली, पट्टा आवळला आणि चहा ठेवला. वाकायला तेवढं जास्त लागलं, दुसरं काही नाही.

सासू दारातनं बघत होती. "अगं, पाय टेक की! अशी काय लोंबकळतेस?"

"टेकता येत नाही, आत्याबाई. ड्यूटी आहे."

ड्यूटी खरीच होती. राज्यपक्षी हरियाल विनापरवाना गैरहजर, सबब त्या पदाचा अतिरिक्त कार्यभार वनरक्षक चांगुणा धावजी लोहकरे यांच्याकडे, असा कागद काल आला होता. आता सरकारी माणसाला अतिरिक्त कार्यभार काही नवा नाही. शेजारचा गार्ड रिटायर झाला, की घे त्याचं बीट. बाकीचे कुरकुरतात. चांगुणा कशाला कुरकुरेल? अठरा वर्षं रान तुडवलं, कुणी साधं शाबास म्हटलं नव्हतं, आणि आता अख्ख्या महाराष्ट्राचा पक्षी! तिचा ऊर भरून आला होता. त्या भरात तिनं अटी न वाचताच सही ठोकली.

सात वाजता कचेरीतले कुंभारे भाऊसाहेब आले. तिच्या पायांकडे बघून त्यांनी मान डोलावली.

"बाई, राज्यप्राणी शेकरूही आला नाही. राज्याचं फुलपाखरू नाही, राज्यफूल ताम्हण नाही. आठच्या झेंडावंदनाला जो हजर नसेल, त्याचं पद रद्द."

"रद्द म्हणजे?"

"कधी नव्हतंच, असं. रानातनं जाणार, पोरांच्या पुस्तकातनंही जाणार."

"आणा इकडं."

शेकरूच्या कागदावर सही केली तशी पट्ट्याखालून झुबकेदार शेपूट निघालं. फुलपाखराची केली, पाठीला काळेनिळे पंख आले. ताम्हणाची केली आणि वेणी जांभळ्या फुलांनी लदबदली. चांगुणानं आरशात बघितलं. अशी ती लग्नातही दिसली नव्हती!

"एक उरला," कुंभारे म्हणाले. "राज्यवृक्ष. आंबा. पण तो तुम्हाला जमायचा नाही. झाडाला जमीन लागते, तुमच्या पक्ष्याला जमीन चालत नाही. होऊ द्या रद्द."

"आंबा रद्द?" चांगुणा कडाडली. "मग तोरण कशाचं बांधाल? कलशात काय ठेवाल, बाभळीचा पाला? आणा तो कागद!"

सही झाली. तळपाय आतून ठणकू लागले. मुळं जमीन मागत होती आणि पाय खाली जाईनात.

सासूनं उठून दारावरच्या पाडव्याच्या तोरणातली वाळकी डहाळी ओढली.

"रानात जन्म गेला तुझा, आणि एवढं ठाऊक नाही? हरियाल पाण्यावर उतरतो तो पायात काटकी धरून. जमिनीला काटकी लागते, पाय लागत नाही. घे, धर."

चांगुणानं डहाळी पायांच्या बोटांत धरली आणि ती तशीच तरंगत कचेरीच्या मैदानावर गेली. आठला झेंडा वर गेला. ती झेंड्यासमोर सावकाश उतरली. काटकी मातीला टेकली आणि मातीत शिरली.

साहेबांनी हजेरीपट उघडला.

"शेकरू?"

"हजर!"

"फुलपाखरू?"

"हजर!"

"ताम्हण?"

"हजर!"

दर हजेरीला आवाज आणखी वरून येत होता. आंब्याचं नाव घेताना साहेबांना मान मागं टाकावी लागली, टोपी पडली. मैदानभर सावली पसरली होती.

"कार्यमुक्तीची तारीख कागदावर नाही हो, बाई," कुंभारे खालून ओरडले.

"मी विचारली का?" वरून उत्तर आलं.

सासू खोडाशी चहाचा कप घेऊन उभी होती. येणाऱ्या-जाणाऱ्याला ती सांगत होती, "माझी सून आहे ती. पाचही पदं तिनं राखली."

साहेबांनी शेवटचं नाव घेतलं. "हरियाल?"

चांगुणा उत्तर द्यायच्या आत रानाकडून एक हिरवा पक्षी आला आणि तिच्या खांद्यावर बसला. त्याच्या पिवळ्या पायांत काटकी नव्हती.