एवढंसं नाक

ऑफिससाठी लॅमिनेशनचं मशीन घ्यायला आलेला कारकून गरम घ्यावं की थंड, या घोळात अडकला होता. "साहेब, गरमच घ्या, पक्कं चिकटतं. द्या काहीतरी, करून दाखवतो," दुकानदार म्हणाला.

कारकुनाच्या पाकिटात बायकोच्या सोनोग्राफीचा फोटो होता. बाळाचं एवढंसं नाक त्यानं अख्ख्या ऑफिसला दाखवून झालं होतं. घड्या पडून खराब व्हायला नको, म्हणून त्यानं हौसेनं तोच पुढे केला. मशीननं तो सावकाश गिळला आणि पलीकडून बाहेर आला तो काळाठिक्कर. नाक नाही, डोकं नाही, काही नाही.

दुकानदारानं कपाळाला हात लावला. "अहो, हा कागद उष्णतेनं काळा पडतो! आधी सांगायचंत ना!"

आता कागदच तो, कागदाला काय कळतंय? कारकुनाला पटत होतं, पण मशीन तसंच सोडून तो निघाला. बाहेर येऊन त्यानं बायकोला फोन लावला. पहिल्याच रिंगला तिनं उचलला.

"काही नाही गं, सहज केला. बाळ हलतंय ना?"



"तुला कुणी सांगितलं? मघापासून ते हलतच नाहीये, मी आत्ता तुलाच फोन लावत होते."