पट्टीच्या अलीकडे

ऑडिटर गुडघ्यांवर बसून हॉलच्या फरशीवर पिवळी पट्टी चिकटवत होता. पट्टी वाकडी जाऊ नये म्हणून त्याने आधी पेन्सिलने रेघ मारून घेतली होती. आता तो जीभ दातांत धरून, तळहाताने पट्टी घासत इंचाइंचाने पुढे सरकत होता. दार उघडून एक माणूस आणि एक खोकं मावेल एवढीच जागा त्याने पट्टीच्या पलीकडे ठेवली होती.

"लंगडी खेळायचीय का रे?" खुर्चीत बसलेल्या आईने विचारले.

"कुरिअरवाल्यासाठी आहे. त्याने तिथपर्यंतच यायचं."

"आणि पुढे आला तर?"

त्याने मान वर न करता छताच्या कोपऱ्याकडे बोट दाखवले. तिथे सकाळीच एक कॅमेरा बसवला होता. आईने चष्मा सारखा केला आणि कॅमेऱ्याकडे पाहिले. पाल दिसली की ती तसेच पाहत असे.

दाराबाहेर ठेवलेली पार्सले नाहीशी होत होती. आधी बूट गेले, मग बायकोचे क्रीम, मग मिक्सरचे भांडे. ऑडिटरने पहिला संशय झाडूवालीवर घेतला, दुसरा लिफ्ट दुरुस्त करणाऱ्यावर आणि तिसरा समोरच्या भाडेकरूवर. भाडेकरूचा गुन्हा एवढाच, की तो दुपारी घरी असे. चार लोकांदेखत ऑडिटरने त्याच्या पायांतले बूट न्याहाळले होते. ते दोन मापांनी मोठे निघाले, पण भाडेकरूने त्यानंतर बोलणे सोडले ते सोडलेच. चोर काही सापडला नाही. चोरी झाली याचे ऑडिटरला फारसे वाटले नाही. चोर सापडत नाही, याची मात्र त्याला लाज वाटे. आयुष्यभर दुसऱ्यांच्या चुका शोधून त्याने घर चालवले होते.

मग त्याला ही नवी सोय कळली. पार्सल दाराबाहेर ठेवायचेच नाही. कुरिअरवाल्याने आपल्या फोनवर बटण दाबायचे, दार उघडायचे, पार्सल आत ठेवायचे आणि जायचे. दार मागच्या मागे आपोआप बंद. त्याच्या पिशवीत त्या घराचे पार्सल असेल तेव्हाच दार त्याला उघडणार. ऑफिसातल्या लोकांनी विचारले, परका माणूस घरात सोडायचा? ऑडिटर हसला. बाहेरचा चोर दिसत नाही, म्हणून त्याला आत घ्यायचा, म्हणजे दिसतो. हे त्याने इतक्या जणांना समजावले, की शेवटी तो जेवणाच्या सुटीत दिसला की लोक ताटे उचलू लागले.

"जुनं कुलूप कुठंय?" आईने विचारले.

"भंगारात दिलं."

"माझी किल्ली होती त्याची."

"आता किल्ली नसते आई. आकडा असतो. सहा आकडे दाबले की दार उघडतं."

"सांग मग."

पट्टीचे टोक कातरून तो उठला आणि गुडघे झटकू लागला. "तू विसरशील. नाहीतर कुणालाही सांगून बसशील. आणि तुला कुठे जायचंय?"

आईला खाली जायचे असे. रोज दुपारी काठी टेकत लिफ्टने ती खाली उतरायची आणि झाडाखालच्या बाकावर समोरच्या इमारतीतल्या नर्सबाईंबरोबर बसायची. नर्सबाई निवृत्त झाल्या होत्या, पण त्यांची जीभ अजून नोकरीवर होती. त्या दोघींनी मिळून आख्ख्या वस्तीची सोलून ठेवलेली साले कुणी गोळा केली असती, तर एक पोते भरले असते. दिवसभरात आई मनापासून हसायची ती तेवढ्याच वेळात. हे ऑडिटरला ठाऊक नव्हते, कारण त्याने कधी विचारले नव्हते.

"खाली गेलीसच तर फोन कर," तो म्हणाला. "मी ऑफिसातून उघडीन. सगळं इथून होतं." त्याने फोन हलवून दाखवला. उंटावरून शेळ्या हाकायला त्याला पहिल्यापासून आवडे. आता उंटही खिशात मावत होता.

कुरिअरवाला पहिल्यांदा आला, तेव्हा ऑडिटरने सगळे काम बाजूला ठेवून फोन डोळ्यांपुढे धरला. आत आलेल्या माणसाने हेल्मेटसुद्धा काढले नव्हते. त्याने पार्सल पट्टीच्या पलीकडे ठेवले, त्याचा फोटो काढला आणि तो निघून गेला. नव्या सोफ्याकडे पाहिले नाही, भिंतीएवढ्या टीव्हीकडे पाहिले नाही, काचेच्या झुंबराकडे तर नाहीच नाही. ऑडिटरला उगीचच अपमान झाल्यासारखे वाटले. एवढा खर्च करून सजवलेल्या घराकडे चोराने निदान एकदा तरी लोभाने बघावे की नाही?

त्याने त्या माणसाचे नाव हेल्मेट ठेवले. दुसऱ्या आठवड्यात त्याने पट्टीजवळच्या स्टुलावर आपले सोनेरी पट्ट्याचे घड्याळ मुद्दाम विसरून ठेवले. हेल्मेटने त्याच्याशेजारी पार्सल ठेवले आणि फोटोत घड्याळ नीट दिसेल असा फोटो काढला. ऑडिटर चडफडला. पुढे एकदा मोठे खोके ठेवताना हेल्मेटच्या बुटाचे टोक पट्टीवर आले. ऑडिटरने ताबडतोब तक्रार केली. हेल्मेटचा त्या दिवसाचा बोनस कापला गेला, तसा निरोपही आला. त्यानंतर हेल्मेट पट्टीपासून वीतभर लांबच थांबू लागला आणि ऑडिटरला त्या रात्री छान झोप लागली.

आई फोन करायची, तेव्हाचा प्रकार असा.

"उघड रे."

"कुठे गेली होतीस?"

"खाली."

"कशाला?"

"बसायला."

"घरात खुर्च्या कमी आहेत का?"

मग थोडा वेळ जायचा. शेजारच्या टेबलावरचे लोक ऐकत असतील तर जरा जास्त. नंतर कुठे दार उघडायचे. आणि एके दिवशी ते उघडलेच नाही. ऑडिटर मोठ्या साहेबांपुढे बसला होता. आईचे नाव दिसले तसा त्याने फोन बंद करून खिशात टाकला. आई जिन्याच्या पायरीवर बसून राहिली. संध्याकाळी सून कामावरून आली, तेव्हा ती भिंतीचा आधार घेत उठली. तिला आधी पाणी नको होते, आधी बाथरूमला जायचे होते. सुनेने घाईघाईने आकडे दाबले.

रात्री ऑडिटर म्हणाला, "तुला खाली जायला कुणी सांगितलं होतं?"

त्यानंतर आईचा फोन आला नाही. पुन्हा कधीच आला नाही. ऑडिटरने त्याचा अर्थ आपल्या सोयीने लावला: म्हातारी शहाणी झाली.

मग ती पार्सले सुरू झाली. आधी कपड्यांचे चिमटे आले, मग गाळणे, मग बुटांच्या नाड्या. घरात कुणाच्याच बुटांना नाड्या नव्हत्या. सगळी पार्सले आईच्या नावाची होती, सगळी किरकोळ. आणि ती कुणी उघडतही नव्हते. पट्टीशेजारच्या स्टुलावर ती एकावर एक साचत चालली होती.

"आई काहीबाही मागवते," त्याने बायकोला सांगितले.

"मागवू दे की. तुझ्यापेक्षा स्वस्तातलं मागवते."

"तिला मागवता कसं येतं?"

"मी शिकवलं." ती इस्त्री करत होती, तिने मान वर केली नाही. "एकदाच सांगावं लागलं."

"डोक्यावर परिणाम होतोय तिच्या. डॉक्टरांना दाखवायला हवं."

बायकोने इस्त्री उभी ठेवली आणि त्याच्याकडे पाहिले. तिला काहीतरी सांगायचे होते. मग तिने विचार बदलला आणि शर्टाची बाही उलटी केली.

त्यानंतरच्या एका दुपारी ऑडिटर ऑफिसातल्या बैठकीच्या खोलीत एकटाच साहेबांची वाट पाहत बसला होता. फोन वाजला, पार्सल आले होते. एरवी पार्सल खाली टेकले की तो फोन बंद करत असे. आज साहेबांना उशीर होता, म्हणून तो बघत राहिला.

हेल्मेटने छोटे खोके ठेवले, फोटो काढला आणि तो मागे सरकत बाहेर गेला. दार बंद होत आले आणि थांबले. फटीत पिशवीचा कोपरा अडकवलेला दिसत होता. मग दार पुन्हा उघडले. आधी काठी आली, मग आई. दुसऱ्या हातात तिच्या चपला होत्या. तिने मागे वळून काहीतरी म्हटले. बाहेर हेल्मेटने काच वर केली आणि तो हसला. ऑडिटरला त्याचा चेहरा पहिल्यांदाच दिसला. समोरचे दोन दात जरा पुढे होते. मग पिशवी निघाली आणि दार लागले. आईने चपला ठेवल्या, काठीने खोके पट्टीच्या अलीकडे ढकलले आणि ती आत निघून गेली. कॅमेऱ्याकडे तिने पाहिलेही नाही.

ऑडिटरने मागची चित्रणे काढली. चिमट्यांच्या दिवशी तेच. गाळण्याच्या दिवशी तेच. नाड्यांच्या दिवशी नर्सबाईसुद्धा पोचवायला वर आल्या होत्या आणि दारातून मान घालून त्यांनी झुंबराला नाक मुरडले होते. पार्सल आले तरच दार उघडणार, म्हणून आई पार्सल मागवत होती. स्वतःच्या घरात शिरण्यासाठी तिने गाळणे मागवले होते.

माणसाला अशा वेळी शरम वाटते. ऑडिटरला आनंद झाला. सापडला! इतक्या दिवसांनी हेल्मेट सापडला! त्याने तक्रारीचे पान उघडले आणि 'अनधिकृत व्यक्तीला घरात प्रवेश दिला' या ओळीवर खूण केली. खाली चौकट आली: आत शिरलेल्या व्यक्तीचे वर्णन करा. त्याने भराभर लिहिले: वृद्ध स्त्री, हातात काठी, चपला काढलेल्या. आणखी एक चौकट आली. ही व्यक्ती तुमच्या ओळखीची आहे का? खाली दोनच बटणे होती, हो आणि नाही.

त्याचा अंगठा हवेत राहिला. तो दोन्ही बटणांवरून फिरला आणि पुन्हा मधे येऊन थांबला. एवढ्यात साहेब आत आले. ऑडिटरने फोन टेबलावर पालथा घातला आणि उभा राहिला.

बैठकीत काय झाले ते त्याला नंतर आठवेना. संध्याकाळपर्यंत मात्र त्याने मनाशी ठरवून टाकले. तक्रार नको, आईला आकडा देऊन टाकू. निर्णय झाल्याबरोबर तो स्वतःवर खूश झाला. आपण किती मोठ्या मनाचे आहोत, हे आईला कोणत्या शब्दांत कळू द्यावे, याची तो घरी येईपर्यंत जुळवाजुळव करत होता. तिला किल्ली ठेवायला आवडायचे. आता किल्लीहून मोठी गोष्ट मिळणार. कदाचित तिच्या डोळ्यांत पाणी येईल.

दुपारचे खोके रिकामे होऊन हॉलमध्ये पडले होते. एवढ्या सगळ्या पार्सलांत तेवढे एकच उघडलेले होते. त्याने बूट काढले, मोजे काढले आणि तो आईच्या खोलीकडे गेला.

उंबऱ्यापाशी फरशीवर एक पिवळी पट्टी होती. ती वाकडी होती आणि तिच्याखाली जागोजागी हवेचे फुगे राहिले होते. कुणीतरी वाकता येत नाही म्हणून उभ्यानेच ती दाबली असावी. तिच्यावर काठीच्या रबरी बुडाचे गोल ठसे होते. पलंगावर बसून आई केस विंचरत होती.

"तिथूनच बोल," ती म्हणाली.

"आई, हे काय?"

"पट्टी. चांगली चिकटते."

त्याने हसून बघितले. आई हसली नाही. मागे स्वयंपाकघरात नळ चालू होता, तो बंद झाला.

"मी तुला आकडा सांगायला आलोय. दाराचा. लिहूनही देतो."

"नको." आईने फणीत अडकलेले केस काढून बोटाला गुंडाळले. "विसरीन मी. नाहीतर कुणालाही सांगून बसेन."

त्याने जुळवून आणलेले शब्द आठवून पाहिले. एकही हाताला लागला नाही. काहीतरी बोलायला म्हणून तो जरासा पुढे झुकला, आणि आईची नजर त्याच्या चेहऱ्यावरून खाली आली, थेट त्याच्या पायांवर. त्याच्या पायाचा अंगठा पट्टीवर आला होता.

ती नुसती बघत राहिली. मग त्याने अंगठा मागे घेतला.