पंचेचाळीस पौंडांचा राग

मी एक जुने धनुष्य आहे आणि मी रागावलेलो आहे. बाकीच्या जुन्या वस्तू तुम्हाला आपली कहाणी सांगायला बसतात तेव्हा आधी डोळे पुसतात. मला डोळेच नाहीत, आणि असते तर मी ते पुसले नसते, वटारले असते. व्याकरणाच्या पुस्तकात मी नपुंसकलिंगात बसतो. बसू दे. मी 'आलो', 'गेलो' असेच म्हणणार. तावातावाने भांडताना 'आलं', 'गेलं' काही शोभत नाही.

मित्रांनो, धनुष्य म्हटले की तुमच्यासमोर दोरी बांधलेली वाकडी काठी येते. मी तसा नाही. मी अलीकडचा आहे. माझे तीन भाग आहेत. मधे लाकडाची जाड मूठ, तिच्या वर एक पाते आणि खाली एक पाते. पाती म्हणजे लाकडाच्या पातळ पट्ट्या आणि काचतंतूचे थर एकमेकांना चिकटवून केलेले माझे दोन हात. ते मुठीला बोल्टने बसतात. दोरी नसली की माझी दोन्ही टोके पुढे, बाण जातो त्या दिशेला वळलेली असतात. दोरी चढवायची तर मला मनाविरुद्ध मागे वाकवावे लागते. माझी सगळी ताकद त्या मनाविरुद्ध असण्यातच आहे. नेम धरायला मला भिंग नाही, तोल सांभाळायला काठ्या नाहीत. तिरंदाजीच्या जुन्या पद्धतीत हात, डोळा आणि धनुष्य एवढेच असते.

मला जिने घडवले ती कारागीर बाई तोंडात पेन्सिल धरून काम करायची, त्यामुळे तिचे निम्मे बोलणे कुणाला कळत नसे. तिने मला साच्यात दाबले, तापवले, तासले, घासले. मग मला ओढून पहिला बाण सोडला. तो इतका लांब गेला की अजून पडायचा आहे. विश्वास बसत नसेल तर वर आभाळात पाहा. दिसला नाही ना? मग तो किती उंच गेला असेल याचा तुम्हीच अंदाज करा. त्यानंतर तिने माझ्या खालच्या पात्यावर बारीक अक्षरात ४५ लिहिले. म्हणजे मला पुरते ओढले की पंचेचाळीस पौंड वजन तीन बोटांवर येते. वीस किलोंची गोणी बोटांवर तोलून पाहा, म्हणजे कळेल.

तिच्या दुकानाच्या भिंतीवरून मी माणसे धनुष्य कसे निवडतात ते पाहिले, आणि माझे डोके पहिल्यांदा तिथेच फिरले. जावयाचा फक्त फोटो बघून लग्न ठरवावे तशी माणसे आम्हाला निवडतात. एकदा एक मिशीवाले आले.

"सगळ्यात जड कुठलं?"

"आधी कधी ओढलंय का?" बाईने पेन्सिल काढून विचारले.

"ओढायचं काय त्यात? रोज व्यायाम करतो मी."

त्यांनी मला हातात घेतले. माझी दोरी हनुवटीपर्यंत आली तोवर त्यांच्या चेहऱ्याचा रंग वांग्यासारखा झाला होता. "थोडं सैल वाटतंय," असे म्हणून ते कोपर चोळत बाहेर पडले.

मग एक टपाल वाटणारी बाई आली. पुढे ती माझ्या गोष्टीत आत्या होणार आहे, म्हणून तिला आत्याच म्हणू. तिने माझा रंग पाहिला नाही, चकाकी पाहिली नाही. मला ओढले, दोन श्वास तसेच धरले आणि दोरी न सोडता हळूच परत आणले.

"हे आता झेपेल," ती म्हणाली. "मागच्या वर्षी झेपलं नसतं."

तोवर ती कितीतरी वर्षे गावातल्या तिरंदाजीच्या मैदानावरच्या हलक्या धनुष्यावर हात घटवत होती. त्या 'आता'साठी मी तिच्यावर जीव टाकला. आम्ही दोघांनी काय काय केले ते सांगत बसलो तर तुमची शाळा बुडेल. एकच सांगतो, एकदा आम्ही वाऱ्यालाच बाण मारला. तो पुढे दुपारभर लंगडत वाहत होता. लोक कौतुक करायचे तेव्हा ती लाजायची आणि मी फुगायचो. पण खेळ संपला की ती आधी माझी दोरी उतरवायची, म्हणजे मला हातपाय पसरता यायचे, आणि मगच स्वतः पाणी प्यायची.

पुढे तिची बदली झाली. नव्या गावी मैदान नव्हते. तिने मला धाकट्या भावाच्या हातात दिले.

"सांभाळ रे. आणि टांगलंस तर दोरी काढून टांग."

"हो गं ताई. मला काय तेवढंही कळत नाही?"

मित्रांनो, त्याला तेवढेही कळत नव्हते.

या भावाचे फर्निचरचे दुकान होते. त्याने मला दोरीशिवाय भिंतीवर लावून पाहिले. मी त्याला मरगळलेला दिसलो. मग त्याने दोरी घेतली, आणि माझी टोके ज्या बाजूला आधीच वळलेली होती त्याच बाजूला मला आणखी वाकवून ती बांधली. उलटी. तुमचे कोपर मागच्या बाजूला मोडून कुणी पट्टी बांधली आणि वर म्हणाले, "काय रुबाबदार दिसतोस," तर तुम्हाला कसे वाटेल? तसा मी सोफ्यांच्या वर टांगलेला, तोंडावर भगभगीत दिवा. पाती जातिवंत म्हणून तडकली नाहीत.

वर हा गृहस्थ गिऱ्हाइकांना माझी गोष्ट सांगायचा.

"आमच्या पणजोबांचं धनुष्य. वाघ मारलाय याने."

"आणि हे बोल्ट?" एकाने विचारले होते.

"ते मजबुतीसाठी मागाहून बसवले."

थापांना माझी हरकत नाही. थापा मारणे हा माझाच धंदा आहे, तुम्ही पाहताच आहात. पण थाप मारायची तर अंगात थोडी कला हवी, आणि ज्याच्या जिवावर मारायची त्याला एकदा तरी ओढून पाहायला हवे. या माणसाने मला कधीही ओढले नव्हते. झटकायचा तो, पिसांच्या झाडणीने.

त्याची मुलगी आठवीत होती. ती संध्याकाळी मैदानावर जाऊन तिथले धनुष्य चालवायला शिकू लागली, आणि एक दिवस दुकानात येऊन माझ्याकडे बघत उभी राहिली.

"बाबा, हे उलटं बांधलंय."

"हळू बोल. गिऱ्हाईक ऐकेल."

"पण खरंच उलटं आहे. आणि मला ना, एक हलकं धनुष्य हवंय. मैदानावरचं एकच आहे, माझी पाळीच येत नाही."

"घरात एवढं खानदानी धनुष्य असताना दुसरं कशाला? आत्या ओढायची ना हे?"

"आत्या मोठी होती."

"मोठी नाही, जिद्दीची होती. हे घेऊन जा. रविवारी मी येतो मैदानावर. याच्यातून बाण समोरच्या गवताच्या गठ्ठ्यापर्यंत पोचव. नाही पोचला तर हे परत भिंतीवर आणि तू रोज संध्याकाळी दुकानात. जमत नाही त्याच्या मागे कशाला लागायचं?"

त्याच संध्याकाळी तिने माझी दोरी सोडली आणि मला मैदानावर नेऊन सुलटे बांधून घेतले. किती दिवसांनी मी माझ्यासारखा वाकलो. मला वाटले, आता आपले दिवस फिरले. मग तिने मला ओढले, आणि माझा आनंद तिथेच विरला. दोरी तिच्या छातीपर्यंतही येईना. खांदा कानाला टेकला, पाठ वाकडी झाली. बाण सुटला तो तिच्यापुढे चार पावलांवर गवतात लोळला. तिने पुन्हा ओढले. पुन्हा. मी हलका व्हायचा प्रयत्न केला, खरेच केला. लाकडाला ते जमत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिचा हात डोक्यापर्यंत जाईना. वेणी आईने घालून दिली.

"काय झालं गं खांद्याला?"

"झोपेत अवघडला असेल."

मी कोपऱ्यात उभा राहून हे खोटे ऐकत होतो. माझ्या थापांनी कुणाचा खांदा दुखत नाही. ही थाप मात्र मला सहन झाली नाही, कारण ती दुखणे लपवायला मारलेली होती, आणि दुखणे मी दिलेले होते.

मैदान सांभाळणाऱ्या काकूंनी तिला दोन दिवस पाहिले आणि तिसऱ्या दिवशी माझी दोरी उतरवायला लावली.

"अशाने खांदा कायमचा जाईल तुझा. हे बोल्ट कशाला असतात माहितीये? पाती बदलायला. माझ्या कपाटात वीस पौंडांची जोडी पडून आहे. मूठ हीच राहील, पाती हलकी लाव. जसजशी ताकद येईल तशी जड लावत जा."

"बाबा नाही म्हणतील. ते सगळ्यांना सांगतात, पणजोबांचं आहे म्हणून."

"मग आता तू ठरव. खांदा तुझा आहे."

ती मला घेऊन तडक दुकानात गेली. तिथे एक नवराबायको जेवणाचे टेबल बघत होते आणि बाबा त्यांना माझ्या मोकळ्या भिंतीकडे बोट दाखवून वाघाची गोष्ट सांगत होते.

"बघा, आलंच ते. दाखव गं काकांना."

तिने मला टेबलावर आडवे ठेवले. खण उघडला. पलंग जोडायच्या सहाकोनी किल्ल्या होत्या त्यातली एक काढली आणि माझ्या बोल्टला लावली. किल्ली चपखल बसली.

"अगं, काय करतेस?"

"पाती काढतेय."

मित्रांनो, मी त्या क्षणी तिच्यावरही भडकलो. ते माझे हात होते. माझे पंचेचाळीस पौंड होते. वाऱ्याला लंगडा करणारे हात एक शाळकरी पोर पलंगाच्या किल्लीने उपटते आहे, आणि त्यांच्या जागी कपाटातली पोपटी रंगाची जोडी येणार आहे. तपकिरी मुठीला पोपटी पाती. मी लाजेने लाल झालो असतो तर निदान तिसरा रंग तरी मिळाला असता. दोन फिरक्यांत वरचे पाते निघाले, मग खालचे.

बायकोने तीन तुकड्यांकडे पाहिले. नवऱ्याने ४५ हा आकडा वाचला.

"म्हणजे वाघ आला की पणजोबा आधी हे जोडायला बसायचे का?" त्याने विचारले.

बाबांनी उघडा राहिलेला खण बंद केला. गिऱ्हाईक टेबल न घेताच गेले.

"रविवारी बघतो तुला," एवढेच ते मुलीला म्हणाले.

रविवारी ते आले. इस्त्रीचा शर्ट घालून आले, जणू निकाल द्यायचा होता. मी पोपटी पाती घालून उभा होतो. मुलीने मला ओढले. दोरी तिच्या तोंडाच्या कोपऱ्यापर्यंत आली आणि तिथे थांबली. खांदा खालीच राहिला. पहिला बाण गठ्ठ्याच्या अलीकडे मातीत शिरला. बाबा "हं" म्हणाले. दुसरा गवतात घुसला, अगदी खालच्या कडेला, मधल्या निशाणाच्या कागदापासून लांब. पण बोली कागदाची नव्हती, गवताची होती.

"हे हलकं करून मारलंस," बाबा म्हणाले. "ते जड होतं त्याने कुठे मारलंस?"

मुलीने माझी दोरी उतरवून पोपटी पाती काढली. तिने पिशवीतून माझी जुनी पाती काढली, मुठीला बसवली. काकूंनी दोरी चढवून दिली. मग तिने मला बाबांच्या हातात ठेवले.

"घ्या. तुम्ही ओढा."

मित्रांनो, एवढी वर्षे साठवलेले सगळे मी त्या तीन बोटांवर ठेवले. उलटी दोरी ठेवली, दिवा ठेवला, झाडणी ठेवली, पोरीचा खांदा ठेवला. बाबांनी ओढले. दोरी वीतभर आली, आणखी थोडी आली आणि थांबली. त्यांचे दात आवळले गेले. बोटे सुटायला आली. बाण लावलेला नव्हता. रिकामी दोरी सुटली की बाणाकडे जायची ताकद पात्यांतच फिरते आणि ती फुटतात. मी फुटलो असतो आणि माझे तुकडे शेजारी उभ्या पोरीच्या तोंडावर गेले असते. माझ्या रागाला ते कळत नव्हते. तो नुसता ओढत होता.

तिने त्यांच्या मनगटाखाली हात धरला.

"सोडू नका, बाबा. रिकामी सोडायची नसते. हळूच परत आणा. मी धरलंय."

दोघांनी मिळून दोरी परत आणली. बाबांनी खांदा चोळला.

"एवढं जड तू ओढत होतीस?"

"ओढवतच नव्हतं. तेच तर सांगत होते."

बाबांनी मला तिच्याकडे परत दिले, दोन्ही हातांनी. "ती हिरवी लाव परत," ते म्हणाले. "उजेड आहे तोवर अजून मारून घे." मग ते स्वतः गठ्ठ्याकडे चालत गेले आणि गवतात घुसलेला बाण काढायला लागले. तोही त्यांना नीट निघेना. काकूंना जाऊन मदत करावी लागली.

मित्रांनो, माझा राग अजून गेलेला नाही. पोपटी पाती मला अजूनही शोभत नाहीत. पण तुम्ही कधी माझ्यासारखे कुणी घरी आणायला गेलात तर भिंतीला काय शोभेल ते पाहू नका, आधी आपल्या खांद्याला विचारा. खेळून झाले की दोरी उतरवा, आम्हालाही पाठ टेकायची असते. आणि कुणी जड धनुष्य तुमच्या हातात देऊन "एवढंही ओढता येत नाही?" असे म्हणाले, तर भांडत बसू नका. ते त्याच्याच हातात द्या, आणि जवळ उभे राहा.