अठराव्या ग्रीनवरचा मिंधेपणा

सरदार सरनोबतांच्या घरातल्या थोरल्या सगुणाबाई, त्यांच्या सून अन्नपूर्णाबाई आणि अन्नपूर्णाबाईंच्या सून प्रमिलाबाई या तिघी आपापल्या काळी रीतसर वारल्या, त्यांचे दिवसकार्य यथासांग झाले, आणि तेराव्याची पंगत उठताच त्या गोल्फ क्लबच्या अठराव्या ग्रीनच्या, म्हणजे होलभोवतीच्या सपाट जागेच्या, काठावर येऊन उभ्या राहिल्या, कारण अठरावे होल अजून संपले नव्हते. प्रमिलाबाईंच्या सून कुमुदिनीबाई. त्या हयात होत्या, म्हणून खेळण्याची पाळी त्यांची होती.

ग्रीनच्या मध्यावर, झेंड्याच्या काठीशेजारी, वेताच्या खुर्चीवर दिवाणीणबाई बसलेल्या असत. त्या सगुणाबाईंच्या बरोबरीच्या, आणि सामन्यातल्या त्यांच्या प्रतिस्पर्धी. त्या मात्र वारल्या नव्हत्या. सामना चालू असताना वारणे त्यांना अप्रशस्त वाटे. नऊवारीचा काठ पावलांवर नीट ओढून, काठी मांडीवर आडवी ठेवून त्या वाट पाहत. त्यांचा चेंडू होलपासून हातभर अंतरावर होता आणि पुढचा फटका सरनोबतांचा होता.

मूळ गोष्ट सतराव्या होलवरची. तिथे सगुणाबाईंचा चेंडू असाच हातभर राहिला होता. त्या मारायला वाकल्या, तोच दिवाणीणबाई चार लोकांदेखत म्हणाल्या, "राहू द्या बाईसाहेब. दिला." गोल्फमध्ये प्रतिस्पर्ध्याने जवळचा फटका 'दिला' म्हटले की तो मारावा लागत नाही, चेंडू होलमध्ये गेलाच असे धरतात. रीत सौजन्याची आहे. पण संस्थानात देण्याचा मान सरदारांचा होता, दिवाणांनी घ्यायचे असे. तो फटका सगुणाबाईंना काट्यासारखा रुतला. अठराव्यावर तो जशाचा तसा परत द्यायचा, असे त्यांनी तिथल्या तिथे ठरवले. अडचण एवढीच होती की ज्याचा चेंडू ग्रीनवर नाही त्याने ग्रीनवरच्या चेंडूविषयी तोंड उघडू नये, हा नियमही त्यांनीच घालून दिलेला होता. आणि सरनोबतांचा चेंडू ग्रीनच्या बाहेर, चिपच्या अंतरावर पडला होता.

चिप म्हणजे काठावरून मारलेला छोटा फटका. चेंडू थोडा उडावा, ग्रीनवर उतरावा आणि होलजवळ जाऊन थांबावा. पाहणाऱ्याला वाटते, हे काय, कोणीही मारील. सरनोबतांच्या तीन पिढ्यांना तो साधला नव्हता. चुकलेले फटके मोजायचे नाहीत असे सगुणाबाईंनी ठरवले होते. दिवाणीणबाईंनी हरकत घेतली नव्हती, आणि त्या हरकत न घेण्याचाही घराला मिंधेपणा होता.

चिप चुकली की ग्रीन आखडत असे. सगुणाबाईंच्या वेळी ते लग्नाच्या मांडवाएवढे होते. अन्नपूर्णाबाईंनी ते दिवाणखान्याएवढे करून ठेवले. प्रमिलाबाईंनंतर कुमुदिनीबाईंच्या वाट्याला आले ते एका जाजमाएवढे. ग्रीन आत ओढले जाई तसे भोवतालचे सगळे पुढे सरके. सिल्व्हर ओकची रांग सरकत आली होती. क्लबचा व्हरांडा आपल्या जांभ्या दगडाच्या पायऱ्यांसकट इतका जवळ आला होता, की कुमुदिनीबाईंनी काठी मागे नेली की तिचे टोक कठड्याला टेकत असे. तिघी सासवा खांद्याला खांदा लावून उभ्या होत्या आणि त्यांना मागे सरायला जागा नव्हती.

घरी कुमुदिनीबाई खुर्चीत बसल्याशिवाय कोणाच्या कपात चहा पडत नसे. क्लबच्या कमिटीत त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला की ठराव मागे घेतला जाई. वय सत्तरीपुढे गेले होते. पण अठराव्या ग्रीनवर त्या धाकट्या सूनबाई होत्या.

"सूनबाई, मनगट," प्रमिलाबाई म्हणाल्या.

"मनगट ठीक आहे हो त्यांचं," अन्नपूर्णाबाई म्हणाल्या. "उभ्या कशा आहेत ते बघा. पोळ्या लाटायला ओट्याशी उभं राहावं तशा."

"पोळ्या तरी कुठे गोल यायच्या?"

"चेंडूच्या खाली हात घाला," सगुणाबाईंनी आज्ञा केली. "उंच उचला. थेट झेंड्यावर टाका. पडेल तिथे बसेल."

कुमुदिनीबाईंनी चेंडू उंच उचलला. वंशपरंपरेने आलेली तिरक्या पात्याची काठी त्यांनी घराण्याच्या पद्धतीने चेंडूखाली घातली आणि शेवटी मनगटाने झटका दिला. चेंडू उडाला, झेंड्याशेजारी पडला, आणि बसला नाही. दिवाणीणबाईंच्या पावलांजवळून तो पलीकडच्या उतारावर पळाला. ग्रीन वीतभर आखडले. व्हरांड्याची एक पायरी पुढे आली.

"पुन्हा," सगुणाबाई म्हणाल्या.

दुसऱ्या खेपेला काठी आधी जमिनीत रुतली आणि चेंडू जागचा हललाही नाही. तिसऱ्या खेपेला पात्याची धार चेंडूच्या पोटाला लागली आणि तो सणसणत झाडीत गेला. प्रत्येक खेपेला कुमुदिनीबाई नवा चेंडू ठेवीत, प्रत्येक खेपेला जग आत येई, आणि प्रत्येक खेपेनंतर त्यांना गोणपाट ओढावे लागे.

गोणपाटाचे कारण असे. सगुणाबाईंच्या काळी ग्रीनवर गवत नसे. बारीक वाळूत जळके तेल कालवून ती सपाट दाबीत. तेलकट वाळूवर चेंडू पडेल तिथेच बसतो, पाटावर बसलेल्या जावयासारखा. खेळून झाले की वाळूवरचे ठसे गोणपाट ओढून पुसायचे, हा शिष्टाचार. पुढे क्लबने वाळू उपसून तिथे हरळी लावली, तिला खत घातले, ती रोज कापली. सरनोबतांच्या सासवांनी ही गोष्ट मान्य केली नव्हती.

"सारखी केलीत का वाळू?" सगुणाबाई विचारीत.

"केली, थोरल्या आईसाहेब," हरळीवरून गोणपाट ओढत कुमुदिनीबाई सांगत. त्यांच्या गुडघ्यांवर हिरवे डाग पडत. या डागांविषयी कोणी बोलत नसे.

त्या दिवशी दुपारी ग्रीन चौरंगाएवढे उरले. दिवाणीणबाईंच्या खुर्चीचे मागचे दोन पाय ग्रीनबाहेर गेले होते, म्हणून त्या किंचित मागे कलून बसल्या होत्या. चौरंगाच्या एका कडेला होल होते आणि दुसऱ्या कडेला त्यांचा चेंडू. मधले अंतर हातभर, पूर्वी होते तेवढेच. आणखी एक चिप चुकली असती तर दोहोंपैकी एक ग्रीनबाहेर पडले असते, आणि मग परत द्यायला हातभर फटका शिल्लकच राहिला नसता. सरनोबत कायमचे मिंधे झाले असते. व्हरांड्याचा कठडा आता कुमुदिनीबाईंच्या पाठीला लागला होता. सासवांचे पदर त्यांच्या कोपरांत अडकत होते.

"तुमच्या सूनबाईंना का आणत नाही?" अन्नपूर्णाबाई म्हणाल्या. "तरुण हात आहे."

"ती यायची नाही."

"यायची नाही म्हणजे?"

"म्हणजे मी तिला आणायची नाही."

"ऐकलंत, प्रमिलाबाई? तुमची निवड."

"निवड मामंजींची," प्रमिलाबाई म्हणाल्या. "मी नाक पाहिलं होतं, हात कुठे पाहिला होता?"

दिवाणीणबाईंनी खुर्चीतून खाकरून घेतले. "सरनोबतबाई," त्या हळूच म्हणाल्या, "एक गोष्ट सांगू का? फार दिवसांपासून सांगावीशी वाटते."

"सांगू नका," कुमुदिनीबाई तुटक आवाजात म्हणाल्या. "आधीचंच फिटलेलं नाही."

दिवाणीणबाईंनी मान हलवली आणि पुन्हा काठी मांडीवर आडवी ठेवली.

कुमुदिनीबाईंनी चेंडू ठेवला. मागून तिन्ही आवाज एकदम सुरू झाले. मनगट. खांदा. खाली हात घाला. उंच. त्यांनी तिरक्या पात्याची काठी उचलली आणि तिच्याकडे पाहिले. इतकी वर्षे आपण डोळ्यांनी चेंडू पळताना पाहतो आणि कानांनी तो बसल्याचे ऐकतो, हे त्यांना स्वच्छ दिसले. त्यांनी काठी कठड्याला टेकवून ठेवली आणि त्या मागे वळल्या.

"आईसाहेब," त्या म्हणाल्या, "हे गवत आहे."

प्रमिलाबाईंनी अन्नपूर्णाबाईंकडे पाहिले. अन्नपूर्णाबाईंनी सगुणाबाईंकडे पाहिले. सगुणाबाईंना पाहायला वर कोणी नव्हते.

"कोण म्हणतं?"

"मी म्हणते."

"हरळी गणपतीला वाहतात, सूनबाई. ग्रीनवर वाळू असते."

"होती. आता नाही. गोणपाटही मी आता ओढणार नाही."

हे बोलणे ऐकून सिल्व्हर ओकची पाने हलायची थांबली. कुमुदिनीबाईंनी पिशवीतून लांबच्या फटक्यांची सात नंबरची काठी काढली.

"सात नंबर? चिपेला?" अन्नपूर्णाबाई कळवळल्या. "लोक काय म्हणतील? विहिरीवरून पाणी आणायला हत्ती नेला म्हणतील."

"म्हणू देत."

त्यांनी काठी खाली, पात्याच्या जवळ धरली. चेंडू उजव्या पावलासमोर घेतला, अंगाचा भार डाव्या पायावर दिला, हात चेंडूच्या पुढे ठेवले. झेंड्याकडे पाहिलेच नाही. ग्रीनच्या अलीकडच्या कडेवर बोराएवढी एक जागा निवडली आणि तिच्याकडे पाहिले. मागे काठी न्यायला जागा नव्हती. फार न्यायचीही नव्हती. मनगटे न मोडता, नुसत्या खांद्यांनी त्यांनी काठी हलवली. गवत खसकन वाजले. चेंडू गुडघ्याएवढा उडाला, बोराएवढ्या जागेवर उतरला आणि पळू लागला. यावेळी तो पळावा असेच त्यांना वाटत होते. दिवाणीणबाईंच्या चेंडूला वळसा घालून तो होलपासून दोन बोटांवर थांबला.

ग्रीन आखडले नाही.

"आली," प्रमिलाबाई पुटपुटल्या. "सूनबाई ग्रीनवर आली."

दिवाणीणबाई उठल्या. इतक्या वर्षांनी उठल्यामुळे खुर्ची थोडा वेळ त्यांच्याबरोबर वर आली आणि मग सुटली. त्यांनी आपली काठी चेंडूमागे टेकवली. तो फटका गेला तर सामना दिवाणांचा होता, चुकला तर सरनोबतांचा. त्यांचे दोन्ही हात थरथरत होते, आणि काठीचे टोक चेंडूपुढे टाळ वाजवल्यासारखे हलत होते.

सगुणाबाई कुमुदिनीबाईंच्या कानाशी आल्या. त्यांचा श्वास लागत नव्हता, फक्त शब्द लागत होते. "बोलू नका. खेळू द्या त्यांना. हात बघा. जायचा नाही तो."

"मग द्यायचं राहील."

"जिंकलं की फिटलंच."

"जिंकल्यानं फिटत नाही, थोरल्या आईसाहेब. तुम्हीच द्यायचं ठरवलं होतंत."

"तेव्हा तिचे हात थरथरत नव्हते!"

तो सामना कुमुदिनीबाईंना हवा होता. ऐन तारुण्यातल्या सगळ्या संध्याकाळी त्यांनी या ग्रीनवर घातल्या होत्या, आणि विजय दोन बोटांवर पडलेला दिसत होता. त्यांनी पदर खांद्यावर नीट घेतला आणि त्या सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात, कमिटीत बोलतात तशा बोलल्या.

"राहू द्या, दिवाणीणबाई. दिला."

दिवाणीणबाईंनी डोळे मिटले. काठीचे टोक हलायचे थांबले.

"पोचला," त्या म्हणाल्या.

"काही बाकी?"

"काही नाही, बाईसाहेब."

त्यांनी वाकून आपला चेंडू उचलला आणि कनवटीला खोचला. तो जागेवरून सुटताच त्याच्याखालचे गवत पसरू लागले. चौरंगाचे जाजम झाले, जाजमाचा दिवाणखाना झाला. खुर्ची दूर जाऊ लागली. व्हरांडा कुमुदिनीबाईंच्या पाठीपासून सुटला आणि मागे सरला, त्याच्यामागे सिल्व्हर ओक गेले. मांडवाएवढे झाल्यावर ग्रीन थांबेल असे त्यांना वाटले होते. ते थांबले नाही. होल आणि त्यांचा चेंडू यांच्यातले दोन बोटांचे अंतर हातभर झाले, मग आवाज पोचणार नाही एवढे झाले. तिघी सासवा काठावर उभ्या राहण्यासाठी काठाच्या मागे धावत होत्या, सगुणाबाई सर्वांत पुढे, निऱ्या उचलून. त्या तांदळाएवढ्या दिसू लागल्या, मग दिसेनाशा झाल्या, आणि गवत तरीही पसरतच होते.