दोघींची केबिन

उमादेवींनी टेबलावर पसरलेल्या आराखड्यातल्या एका चौकोनावर बोट ठेवलं.

"याला खिडकी आहे का?"

"आहे की काकू. पण उघडत नाही," सविता म्हणाली. "नुसतं बाहेर बघायला."

"आणि दार?"

"दार आपोआप लागतं. कार्ड लावलं की उघडतं. लय सेफ."

उमादेवींनी बोट उचललं. "दुसरं जहाज दाखव."

सविताचं सहलींचं ऑफिस वसमत रोडला, औषधाच्या दुकानावर, पहिल्या मजल्यावर होतं. जानेवारीत मुंबईहून गोव्यापर्यंत तीन रात्रींची जहाजाची सहल ती नेणार होती. मोठं की छोटं, अशी दोन जहाजं निवडीला होती. नियम एकच, केबिन दोघांची. एकट्या बायका दोघीच निघाल्या होत्या. एक परभणीच्या उमादेवी, दुसऱ्या पिंगळीच्या नर्मदाबाई. दोघींनी आज एकमेकींना बघून घ्यायचं, जमलं तर जहाज निवडून पाचच्या आत सविताला कळवायचं. नाहीतर त्या दोन जागा हिंगोलीच्या एका जोडप्याला जाणार होत्या.

सहल मुलानं, शिवकांतनं, बंगळूरहून ठरवली होती. दिवाळीला येणं जमत नव्हतं, म्हणून. समुद्राबद्दल उमादेवींना फारसं काही वाटलं नव्हतं. तीन रात्री शेजारच्या खाटेवर कुणीतरी झोपलेलं असेल, एवढं मात्र त्यांनी सविताकडून दोनदा विचारून घेतलं होतं.

तीस वर्षं त्यांनी समाजातली स्थळं जुळवली होती. बघण्याच्या कार्यक्रमाला जाताना नेसायची करड्या काठाची साडी आज त्यांनी इस्त्री करून नेसली होती. फरक इतकाच, की आज दाखवायच्या त्या स्वतः होत्या.

नर्मदाबाई अर्ध्या तासानं आल्या. बसल्या, पदरानं तोंड पुसलं आणि समोरच्या फुलपात्रातलं पाणी एका दमात प्यायल्या.

"गाडी लेट. बसवून ठिवलं का तुमाला?"

"नाही हो. सविता म्हणत होती, तुम्ही जहाजात बसून आलात."

"मागल्या साली. आमच्या योगीराजचं नांदेडला खताचं दुकान हाय. कंपनीनं त्याला टूर दिलती. सून बाळंतीण, मग माझा नंबर लागला."

"कसं असतं?"

"खायला लय! सकाळधरनं माणसं खायलीच. एक बाबा ताटात सोळा पुऱ्या घेऊन बसलता. मी मोजल्या." सविता हसली, तसा नर्मदाबाईंना चेव आला. "आन् लिफ्ट. एकदा भलत्याच मजल्यावर उतरले. समोर समद्या पोरी पोहायच्या कपड्यात. मी डोळ्यावर पदर घेतला आन् तशीच चालले, तर पाण्यातच जायले होते. एका गोऱ्या पोरानं दंडाला धरून मागं वढलं. थँक्यू म्हणलं त्याला."

"आणि समुद्र?"

"समुद्र बघायचा ऱ्हायला," नर्मदाबाई म्हणाल्या. "म्हणून तर पुन्हा निघाले."

उमादेवींनी खुर्ची थोडी पुढे घेतली. "एक विचारते, राग मानू नका. सोयरीक जुळवताना माझा एक नियम होता. खोट असेल ती पहिल्या बैठकीत सांगायची. मागाहून कळली, की दोन्ही घरांना त्रास."

"बरोबर हाय." नर्मदाबाईंनी फुलपात्र बाजूला सरकवलं. "माझी खोट दाराची. मालक गेल्यापासून मी शेतातल्या घरात, आखाड्यावर, एकटीच ऱ्हाते. एका राती अंगणातल्या दोन शेळ्या सोडून नेल्या. मी हाताच्या अंतरावर झोपलेली, जाग न्हाई. तवापासून आतून दोन कड्या लावते, वर जातं टेकवते. जहाजावर जातं कुठलं? बॅग लावली. तरी राती चारदा उठून बघितलं. शेजारी बीडच्या डीलरची आई होती. तिनं सकाळी मॅनेजरला सांगून खोली बदलून घेतली. तिन्ही राती मी दारच बघत बसले. दिवसा मग झोप. समुद्र कवा बघावा माणसानं?"

नर्मदाबाईंनी आराखडा आपल्याकडे ओढला.

"म्हणून मोठंच घ्या. आपोआप लागणारं दार हाय म्हणे तिथं. निदान कडी राहिली का बघायला उठणं न्हाई. आता तुमची सांगा."

उमादेवींनी चष्मा काढला, घडी घातली. दोन वर्षांत त्यांनी रात्री घराचं एकही दार लावलं नव्हतं. लावायला गेलं की छातीत धडधड सुरू होई. हे शिवकांतलाही माहीत नव्हतं. आता सांगितलं असतं तर समोरची बाई इथूनच उठून गेली असती.

"माझी काही नाही," त्या म्हणाल्या. "पण जहाज छोटं घेऊ. गर्दी कमी."

"तिथं हाताची कडी असती. मागल्या साली तसंच व्हतं."

"असू दे."

"मग मी लावीन की," नर्मदाबाई सहज म्हणाल्या.

सविता दोघींकडे बघत राहिली. "पाचपर्यंत ठरवा काकू. मी फोन करते."

नर्मदाबाईंची गाडी सहाची होती. तोवर स्टेशनात बसण्यापेक्षा घरी चला, असं उमादेवीच म्हणाल्या. घर स्टेशनामागच्या गल्लीत होतं. त्यांनी ताज्या भाकरी केल्या, वरण, शेंगदाण्याची चटणी. नर्मदाबाई आग्रह करायला न लावता जेवल्या. त्या घरात दुसऱ्या माणसासाठी ताट मांडून किती महिने झाले, हे उमादेवी बोलल्या नाहीत. वाटी मात्र त्यांनी दोनदा धुऊन घेतली होती.

जेवण झाल्यावर नर्मदाबाई न्हाणीत गेल्या आणि लगेच दार ढकलून बाहेर आल्या.

"कडी तुटली का वो?"

"काढली."

नर्मदाबाईंनी स्वयंपाकघराच्या दाराकडे पाहिलं. मग खोलीच्या, मग बाहेरच्या. प्रत्येक दारावर स्क्रूची चार-चार भोकं होती. त्यांच्यावरून रंगाचा हात फिरवला होता.

"समद्याच?"

"सगळ्याच. सुतार बोलावून."

उमादेवी ताटं उचलायला वाकल्या आणि तशाच खाली बसल्या.

"अप्पा न्हाणीत पडले. आमचे यजमान. आतून कडी होती. पहिली दहा मिनिटं बोलत होते. म्हणाले, उमा, घाई करू नको, दार मोडू नको, सागवानी आहे. सुताराला बोलाव. सुतार यायला चाळीस मिनिटं लागली." त्यांनी एका ताटातली चटणी बोटानं कडेला केली. "शेजारची पोरं पहार घेऊन उभी होती. मीच नको म्हणाले."

नर्मदाबाईंनी त्यांच्यापुढची ताटं उचलून बाजूला ठेवली.

"आन् सकाळी इचारलं, तर काय न्हाई म्हणलात."

"हो."

"दुसऱ्याचं असतं तर ही सोयरीक तुमीच मोडली असती."

"मीच मोडली असती."

"मोठं जहाज न्हाई, छोटं न्हाई," नर्मदाबाई म्हणाल्या. "तुमाला दार उघडं पायजे, मला बंद. काय जमत न्हाई हे." त्यांनी पिशवी उचलली, घड्याळाकडे पाहिलं. पावणेचार झाले होते. पिशवी पुन्हा खाली ठेवली. "रातचं काय करता मग?"

"जागी असते. पहाटे पूजेच्या आधी लागतो थोडा डोळा."

"म्हंजे तुमीबी."

"मीही."

बाहेरच्या खोलीत अप्पांची लोखंडी खाट होती. नर्मदाबाईंनी तिच्यावरून हात फिरवला, मग उघड्या दाराकडे पाहिलं. गल्लीतून एक ऑटो गेला.

"तुमी दारात बसताव का?" त्यांनी विचारलं. "मी जरा पाठ टेकते. पर उठून जायचं न्हाई."

"नाही जात."

उमादेवींनी उंबऱ्याला लागून सतरंजी टाकली आणि चौकटीला टेकून बसल्या. नर्मदाबाई भिंतीकडे पाठ करून, दाराकडे तोंड करून आडव्या झाल्या. डोळे उघडेच होते.

"हाव ना?"

"आहे."

थोड्या वेळानं पुन्हा, "हाव का?"

"आहे की हो."

तिसऱ्यांदा त्यांनी विचारलं नाही. उमादेवींनी वळून पाहिलं. नर्मदाबाईंचं तोंड किंचित उघडं पडलं होतं. एक हात खाटेखाली लोंबत होता. श्वासाला हलकी घरघर होती, आणि ती एका लयीत चालली होती. बऱ्याच दिवसांची झोप असावी तशी.

उमादेवी ऐकत राहिल्या. ऊन उंबऱ्यावरून सरकून त्यांच्या पायांवर आलं, मग भिंतीवर गेलं. पाय अवघडला तरी त्यांनी हलवला नाही.

पाचला दोन मिनिटं कमी असताना मांडीवरचा फोन वाजला. पडद्यावर सविताचं नाव होतं. खाटेवरची घरघर थांबली. उमादेवींनी घाईनं बाजूचं बटण दाबलं आणि श्वास रोखून धरला. नर्मदाबाईंनी कूस बदलली, काहीतरी पुटपुटल्या. घरघर पुन्हा सुरू झाली.

फोन परत थरथरला. त्यांनी तो पालथा करून सतरंजीखाली सारला. तिथं तो एकदा, मग आणखी एकदा गुरगुरला आणि गप्प झाला.

शेजारची त्रिवेणी दूध घेऊन येत होती. उमादेवींना उंबऱ्यात बसलेलं पाहून ती लांबूनच म्हणाली, "काय हो काकू, आज दारात कामून बसलात?"

उमादेवींनी हात वर करून तिला थांबवलं.

"हळू बोल," त्या म्हणाल्या. "आत माणूस झोपलंय."